बिनचाकाची गाडी

अकोल्याहून सकाळी निघणाऱ्या आमच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली, की मूर्तिजापूर यायच्या आत मी दुसऱ्याच गाडीत जाऊन बसायची. ती गाडी आपल्याकडं अजून कुठं धावत नाही. तिला चाकं नाहीत. खाली लोहचुंबकांचा रस्ता आहे आणि त्याच्या बोटभर वरून ती तरंगत जाते. आवाज नाही, धक्का नाही, रूळ बदलतानाची ती खडखड नाही. बोरगावची शेतं आली म्हणेपर्यंत मागं पडलेली असतात. तुरीचा पिवळा फुलोरा, मग कपाशी, मग काटेपूर्णेवरचं धुकं, सगळं एकात एक मिसळून खिडकीबाहेरून सरकत राहतं. चहाचा पहिला घोट घ्यावा आणि कप रिकामा व्हायच्या आत अमरावती यावी. इतकी वर्षं मी त्या गाडीनं गेले आहे, की तिच्या सीटचं कापडसुद्धा मला ठाऊक आहे. निळं आहे.

मग खरी गाडी कुरुमजवळ उभी राहायची. मागून एखादी सुपरफास्ट येत असायची आणि तिला वाट द्यायला आम्हाला बाजूच्या रुळावर घेतलेलं असायचं. सुपरफास्ट धाडकन निघून जायची, डबा हलायचा, कुणाच्या तरी डब्यातली चटणी सांडायची, आणि आम्ही पुन्हा बसलेलो. बाहेर एक बकरी आमच्याकडं बघत उभी. ह्या बाजूला काढून ठेवण्याचा मला फार राग होता आणि तो मी कधी लपवला नाही. "गाडीत वाचायला छान वेळ मिळत असेल नाही तुम्हाला?" असं कुणी विचारलं, की त्या माणसाला मे महिन्यात आमच्या डब्यात बसवून द्यावं असं मला वाटायचं.

मी अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि राहत होते अकोल्याला. आमच्याकडं ह्याला अपडाऊन म्हणतात. अपडाऊन करणाऱ्यांची जात वेगळीच असते. आम्हाला घड्याळ कळत नाही, गाड्या कळतात. डब्यात माझ्यासमोर बँकेत काम करणारी एक मैत्रीण बसायची, माहेर शेंदूरजनाघाटचं. तिला मी माझ्या निळ्या सीटच्या गाडीबद्दल सांगायची, तेव्हा ती स्वेटर विणता विणता म्हणायची, "मंग आमचा संत्रा सकाळी तोडला की दुपारी मुंबईत. दलालाच्या तोंडाले कुलूप." एवढं बोलून ती टाके मोजायला लागायची. स्वप्न बघायला दोघींना पुरेशी जागा होती.

संध्याकाळी परतताना मात्र मी सरळ अकोल्याला जात नसे. अमरावतीहून ऑटोनं वाटेवरच्या बडनेऱ्याला यायचं, आणि गाडीला अर्धा-पाऊण तास असायचा तेवढ्यात नव्या वस्तीत वडिलांकडं जायचं. आई गेल्यापासून ते एकटेच होते. ऑटो वळणावर आला की ते गॅस पेटवायचे. मी चपला काढेपर्यंत चहा उकळायला लागलेला असायचा. आम्ही फार काही बोलत नसू. ते विचारायचे, "पोट्टे शिकून राहिले का?" मी म्हणायची, "राहिले." मग मी त्यांच्या गोळ्या संपल्या का बघायची, ते माझ्या कपाळाला हाताची मागची बाजू लावून बघायचे, आणि मी गाडीला निघायची.

हाताची मागची बाजू ही त्यांची नोकरीतली सवय. वडील रेल्वेत होते. बडनेऱ्याला गाडी थांबली की ते हातोडी घेऊन तिच्या कडेनं चालत जायचे, चाकांवर ठोके मारून आवाज ऐकायचे, आणि चाकांचा दांडा जिथं फिरतो तिथं हाताची मागची बाजू टेकवून तो गरम झाला आहे का ते पाहायचे. तळहात भाजला तर काम अडतं, म्हणून मागची बाजू. निवृत्त झाले तरी तो हात काही निवृत्त झाला नाही. फ्रिज, कूलरची मोटर, शेजारच्यांची स्कूटर, नातेवाइकांची तान्ही बाळं, सगळ्यांना तो हात लागायचा. हजारो गाड्यांना त्यांनी हात लावला असेल, पण गाडीत बसायचा त्यांना कंटाळा. माझ्याकडं अकोल्याला म्हणून आणलं तर दुसऱ्या दिवशी पिशवी भरून तयार. म्हणाले, "तुह्या घरी गाडीचा आवाज येत नाई. मले झोपच लागत नाई." बडनेऱ्यातच त्यांचं विहार होतं, त्यांची माणसं होती, प्लॅटफॉर्मचा तो बाक होता. त्यांना तिथून हलवायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. म्हणजे मधला तो चहा होता तोवर सगळं ठीक होतं.

एका पावसाळ्यात मी वर्गात दाखवलेला व्हिडिओ त्यांना मोबाइलवर दाखवला. जपानमधली गाडी. लांब नाकाची, पांढरी, डोंगरातून निघून डोंगरात शिरणारी. वडिलांनी चष्मा वर केला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर खालची बाजू.

"चाकं कुठी हायेत?"

"नाईत बाबा. चुंबकावर तरंगते ते."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आश्चर्य होतं की अपमान, मला नीट कळलं नाही. आयुष्य ज्या गोष्टीला कान लावून काढलं ती गोष्टच कुणी काढून टाकली होती, आणि गाडी तरी पळत होती. त्या दिवशी चहा थोडा उतू गेला.

वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन असतं आणि वाचायला वडील बसतात, आवाज चांगला म्हणून. एकदा माझी गाडी बरीच उशिरा होती तेव्हा मीही जाऊन बसले. वाचन झालं, वंदना झाली, आणि चटया गुंडाळता गुंडाळता वडिलांनी सगळ्यांना बिनचाकाच्या गाडीबद्दल सांगायला सुरुवात केली. मला हसू आवरेना. त्यांना हे सांगायचं असतं म्हणून ते वाचन थोडं लवकर उरकतात की काय, अशी शंकाही आली.

"चाकं नाई म्हनतं, मंग चालते कायच्यावर?" एका आजीनं विचारलं.

"चालतच नाई ते. वरच्यावर राह्यते."

"धरून कोन ठेवते तिले?"

"चुंबक. खालून ढकलते, बाजूनं सांभाळते."

आजीनं थोडा विचार केला. "आन् लाइन गेली त?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. वऱ्हाडात कुठलंही यंत्र सांगा, शेवटी प्रश्न इथंच येतो. मी सांगितलं, की वीज गेली तरी सोय करून ठेवलेली असते, गाडी एकदम आदळत नाही, वेग कमी होत होत हळूच खाली टेकते. आणि मग मला आठवलं ते मी वडिलांकडं बघून सांगितलं. ह्या जपानी गाडीला चाकं असतात. रबरी चाकं. सुटताना ती चाकांवरच सुटते, वेग आला की उचलली जाते आणि चाकं पोटात घेते. थांबायचं झालं की पुन्हा बाहेर काढते.

"हायेत म्हणजे," वडील म्हणाले.

"हायेत."

"मंग ते पाह्याले कोनी तरी लागनच."

त्यांनी हे इतक्या समाधानानं म्हटलं, की त्यांच्या खात्यातल्या कुणाची तरी नोकरी त्या क्षणी वाचली असावी. विहाराबाहेर पाऊस उघडला होता. ते मला स्टेशनपर्यंत सोडायला आले आणि वाटेत त्या गाडीबद्दल एकामागून एक विचारत राहिले. काळ्या जमिनीत तिचे खांब कसे उभे राहतील? आपली माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, इथं साधा रूळसुद्धा खचतो, मग तो रस्ता सरळ कसा राहील? मला सगळी उत्तरं येत नव्हती. पण तो रस्ता मला दिसत होता. शेतांवरून गेलेले पांढरे खांब, खाली सोयाबीन, खांबाच्या सावलीत जेवायला बसलेल्या बाया. आणि वरून एक सळसळ.

त्यानंतर चहाच्या वेळी आम्हाला बोलायला विषय मिळाला. ते दिवस मला फार आवडतात. आईच्या जाण्यानंतर त्या घरात जी एक गप्प हवा भरून राहिली होती ती हलली. मी घरात शिरायच्या आधीच ते बोलायला लागायचे. "काहून व माय, तिचा ब्रेक कसा लागते?" हिवरखेडला माझी आत्या असते, तिथली जुनी छोटी लाइन उखडून नेली आणि नवीची वाट बघण्यात माणसं म्हातारी झाली. तिला फोन करून वडील सांगायचे, "थांब वं, आता चाकं नसलेलीच येईन." ती तिकडून काहीतरी अस्सल बोलायची आणि ते हसायचे.

हिवाळ्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन आलं. माझ्या वर्गातल्या मुलींनी चुंबकावर तरंगणाऱ्या गाडीचं मॉडेल करायचं ठरवलं. मी सुचवलं असं त्या सांगतात, पण मला तसं आठवत नाही. भंगारातून जुन्या स्पीकरांची चुंबकं आणली, लांब फळीवर ओळीनं बसवली, थर्माकोलच्या डब्याखाली तशीच उलट्या तोंडाची लावली. चुंबकावर चुंबक नुसतं तरंगत राहत नाही. जरा मोकळीक मिळाली की ते उलटतं आणि खालच्याला जाऊन चिकटतं. म्हणून फळीच्या दोन्ही कडांना काचेच्या पट्ट्या लावल्या, डबा त्यांच्या मधून जायचा. बोटानं ढकलला की तो न टेकता टोकापर्यंत जाई. मुली टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा ढकलायच्या. मीही ढकलून बघितला. वर्गात कुणी नव्हतं तेव्हा बराच वेळ.

वडिलांना मी बोलावलं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, खांद्यावर दुपट्टा टाकून आले. परीक्षक नेमके त्याच वेळी आमच्या टेबलाशी होते. मुलींनी सांगायला सुरुवात केली, डबा सोडला, तो तरंगत मधोमध येऊन थांबला. वडील खाली वाकले. त्यांचे डोळे मी पाहिले, आणि मला कळायला हवं होतं. गाडी थांबली होती. ते पुढं झाले आणि त्यांनी उजव्या हाताची मागची बाजू डब्याच्या खाली नेऊन टेकवली.

डबा काचेच्या पट्ट्यांतून वर उचलला गेला, हवेत उलटला आणि चुंबकावर जाऊन असा आदळला की थर्माकोलचे दोन तुकडे झाले.

परीक्षकांपैकी एकानं हसत विचारलं, "आजोबा, काय बघत होतात?"

"गरम झालं का ते," वडील म्हणाले.

सगळे हसले. मुलीसुद्धा हसल्या, बिचाऱ्या, रडायच्या ऐवजी. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली, त्या हसणाऱ्या परीक्षकावर. ज्या माणसाच्या हाताच्या भरवशावर तुम्ही लोक अर्धं आयुष्य सुखरूप नागपूरला जाऊन आलात, त्याला हसता, असं तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं. बक्षीस अर्थातच सौरचुलीला मिळालं.

परतताना ऑटोत वडिलांनी डब्याचे तुकडे दुपट्ट्यात बांधून मांडीवर घेतले होते. राजापेठ मागं पडल्यावर म्हणाले, "माह्या हातून जन्मात गाडी बिघडली नाई, माय."

"खेळणं होतं बाबा."

"गाडी होती," ते म्हणाले.

तो डबा दुरुस्त करायचा त्यांनी ध्यास घेतला. रोज संध्याकाळी मी पोचायची तेव्हा ओट्यावर चहा आणि जमिनीवर गाडीचा पसारा. थर्माकोल त्यांना पटेना, म्हणून पातळ प्लायचा डबा केला. तो जड झाला, तरंगेना, मग पुन्हा थर्माकोल. खिडक्या कापल्या. मी चुंबकं धरायची, ते चिकटवायचे, सुकेपर्यंत दोघांनी हलायचं नाही. त्या न हलण्यात माझी नेहमीची गाडी निघून जायची. मागची गाडी होती, म्हणून मी तिनं जायला लागले. मग त्याच्याही मागची. शेवटी डबा तयार झाला तेव्हा वडिलांनी त्याच्या कुशीवर निळ्या रंगानं पाटी रंगवली, अकोला, बडनेरा, अमरावती. बडनेरा बाकीच्या दोन नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत होतं.

मुलींना तो डबा मी नेऊन दिला. त्यांनी तो वर्गाच्या कपाटावर ठेवला आणि सुट्टीत ढकलत राहिल्या.

घरी मात्र माझ्या उशिराचा हिशेब लागायला लागला होता. माझा नवरा शांत माणूस आहे, चिडत नाही, त्यामुळं त्याच्याशी भांडताही येत नाही. तो भात लावून ठेवायचा आणि माझी वाट बघत जेवायचा थांबायचा. एके दिवशी मी ताटावर बसल्या बसल्या झोपले. त्यानं ताट उचललं आणि म्हणाला, "बदलीचा अर्ज करून टाक. अकोल्यात जागा निघून राहिल्या. किती वर्स अशी झिजशील?" माझी पाठ त्याच्या बाजूनं होती. पाठीचं दुखणं तोवर इतकं वाढलं होतं, की डब्यातली मैत्रीण मला उशी आणून द्यायची. अपडाऊन करणारा प्रत्येक माणूस ज्या दिवसाची वाट बघतो तो दिवस माझ्याही वाट्याला येईल, असं मला वाटलं आणि मी अर्ज केला. अर्ज करताना मला आनंद झाला होता. बडनेऱ्याच्या चहाचं काय, हा विचार मी त्या दिवशी येऊ दिला नाही, आणि मग त्यानं रोज यायला सुरुवात केली.

पहाटेच्या धुक्यात गाडी पूर्णेच्या खोऱ्यातून जायची आणि मी डोळे मिटून माझ्या निळ्या सीटवर बसायची. आता त्या गाडीला काम होतं. ती आली, तर मला काही सोडावं लागणार नव्हतं. शाळा, पाठ, घर, वडील, सगळं एका ओळीत बसणार होतं. शाळा सुटली की सटकन वडिलांकडं, चहा, आणि दिवेलागणीच्या आत अकोल्याला, नवऱ्याच्या आधी भात लावायला. विज्ञान शिकवणाऱ्या बाईनं असल्या गाडीवर जीव टाकावा हे काही शहाणपणाचं नव्हतं. कागदावरच्या किती योजना कागदावरच राहतात हे मीच वर्गात सांगायची. पण काटेपूर्णेचा पूल आला की माझा त्या गाडीवर पुन्हा विश्वास बसायचा. आपल्याकडं ती आलीच नाही तर काय, हे विचारायचा मला धीर नव्हता.

मे महिन्यात बदलीची ऑर्डर निघाली. त्या संध्याकाळी बडनेऱ्यात वारा पडलेला होता, कूलर नुसताच घरघरत होता. मी चहाचा कप हातात घेऊन वडिलांना सांगितलं. म्हटलं, जूनपासून अकोल्यातच.

"चांगलं झालं," ते म्हणाले. उठले, कूलरच्या मोटरीला हाताची मागची बाजू लावून बघितली, परत येऊन बसले. "पाठ तरी बरी राहीन तुही."

"मी रविवारी येत जाईन."

"हो. येजो."

बाहेर एक मालगाडी जात होती, ती संपता संपेना. ती गेल्यावर त्यांनी मला विचारलं, अगदी सहज, कधी दूधवाला येईल असं विचारावं तसं.

"ते गाडी कधी येईन व?"

कुठली गाडी, हे मला विचारावं लागलं नाही.

"लय वर्स लागतील बाबा."

"लागू दे. पन आली म्हनजे बडनेऱ्याले थांबन ना?"

मी कप खाली ठेवला. मी इतकी वर्षं त्या गाडीनं गेले होते. सीटचा रंग मला माहीत होता, खिडकीबाहेरचं सगळं माहीत होतं. आणि त्या सबंध काळात ती गाडी बडनेऱ्याला एकदाही थांबली नव्हती. अकोल्याला बसायचं आणि अमरावतीला उतरायचं. तेवढ्या वेगाच्या गाडीला बडनेऱ्याला थांबणं परवडतच नाही. वेग घेते न घेते तोवर ब्रेक लावायचा, मग तिचा उपयोग काय? मुंबई आणि नागपूर जोडायला असल्या गाड्या करतात. आमचं बडनेरा तिला वरून दिसलं तरी पुष्कळ. वडिलांचा वर्षभराचा उत्साह, ते विहारातलं बोलणं, डब्यावरची ती मोठ्या अक्षरांतली पाटी, हे सगळं कशासाठी होतं ते मला तेव्हा कळलं. त्यांना जपानशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना लेक घरी येऊन जायला हवी होती.

"थांबन," मी म्हटलं.

ते हसले. "कशाले खोटं बोलतं. रेल्वेत जन्म गेला माहा. इतकी धाव घेनारी गाडी इथी थांबवत असतात का?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, आमच्याकडं समजूत वगैरे काढायची पद्धत नाही. थोड्या वेळानं ते उठले आणि माझी पिशवी दाराशी नेऊन ठेवली. म्हणाले, "ऑर्डर घे. गाडीची वेळ झाली."

जूनच्या शेवटी अकोल्यातल्या शाळेत रुजू झाले. शाळा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्या दिवशी चारच्या सुमाराला मी घरी होते आणि काय करावं ते मला सुचेना. इतक्या उजेडात मी माझं घर कामाच्या दिवशी कधी पाहिलं नव्हतं. पाठ टेकली, झोप आली नाही. गादीवर पडून मी माझ्या गाडीत बसायचा प्रयत्न केला, पण ती काही आली नाही. खिडकीत नुसता समोरच्या घराचा पाण्याचा टँक. वडिलांचा फोन लागला नाही. ते विहारात असतील असं म्हणून मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात वडील उभे होते. पांढरा शर्ट, खांद्यावर दुपट्टा, घामानं डबडबलेले, हातात बडनेऱ्याच्या दुकानातल्या शेवेची पुडी. मी घाबरले. "काय झालं बाबा?"

"काय होईन? चहा ठेव."

ते आत आले, पंख्याखाली बसले. सांगायला लागले, की पॅसेंजरनं आलो, कुरुमला अर्धा तास उभी होती, बाजूला एका कास्तकारानं भुईमुगाच्या शेंगा दिल्या, माणूस चांगला होता. मी चहा केला. त्यांनी विचारलं, "पोट्टे शिकून राहिले का?" मी म्हटलं, "राहिले." त्यांनी माझी पाठ कशी आहे विचारलं, नवऱ्याची चौकशी केली, कप खाली ठेवला, घड्याळाकडं पाहिलं आणि पिशवी उचलली.

"कुठं निघाले?"

"घरी. आता गाडी हाये."

"आत्ता तर आले. आज राहा."

"नाई. मले इथी झोप लागत नाई. परवा येतो पुन्हा." त्यांनी शर्टाच्या खिशातून महिन्याचा पास काढून दाखवला. त्यावर त्यांचा नवा फोटो होता, त्यात ते फारच गंभीर दिसत होते.

मला राग आला. माझा राग असाच नको तिथं येतो. त्यांचं वय, ऊन, ती रखडणारी गाडी, चढाउतरायचे जिने, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, "बाबा, काही अर्थ हाये का ह्याला? सगळा दिवस गाडीत घालवायचा, आणि इथं अर्धा तास बसून चहा प्यायचा?"

ते चपला घालत होते. एक चप्पल घालून झाली होती, दुसरी पायानं चाचपडत होते. त्यांनी वर पाहिलं. त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

"मंग तू इतके वर्स काय करत होती व माय?"